घारकड्यावरची खुंटी

कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी मासवडीला मासवडीची चव यायला हवी. साळुबाईंना सकाळपासून या एकाच गोष्टीची धास्ती होती. तीळ-खोबऱ्याचं सारण त्यांनी दोनदा परतलं, दोनदा जिभेवर ठेवून पाहिलं. मंचरचे इंदरचंद शेठ आणि त्यांची बायको जतनबाई आज दिवस मावळायच्या आत माळावर जेवणार होते. साळुबाईंच्या घरचा, वाळुंजांचा कांदा तीस वर्षं शेठच्या आडतीवर विकला जात होता, पण त्यातला एकही शेठच्या स्वयंपाकघरात कधी गेला नव्हता.

“वन्सं, चाखून बघा की,” साळुबाईंनी चमचा पुढं केला.

चिमाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि सारण तोंडात टाकलं. चिमाबाई ही साळुबाईंच्या नवऱ्याची, कुंडलिकरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर बाविसाव्या वर्षी माहेरी परत आली ती खाली लोणी गावात न राहता इथं, घारकड्याच्या माळावर राहिली. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं होत आली. दगडमातीचं दोन खोल्यांचं घर, पुढं सारवलेलं अंगण आणि अकरा शेळ्या.

“झ्याक झालंय. तिखाट जरा हात राखून टाक. शेठाणीच्या जिबंला सोसायचं न्हाई.”

साळुबाईंना आणखी एक विचारायचं होतं. चुलीपाशी बसून दारातून पाहिलं की कड्याच्या अलीकडं ठोकलेली लोखंडी खुंटी दिसत होती. तिला लाल फडकं बांधलं होतं. सोमवारी कंपनीचा माणूस ती ठोकून गेला होता. तिथं पवनचक्की उभी राहणार होती. वीस मजली इमारतीएवढा खांब आणि त्याच्या टोकाला तीन पाती. मंगळवारी साळुबाई शेण गोळा करायच्या निमित्तानं खुंटीपासून घरापर्यंत चालत आल्या होत्या आणि पावलं मोजली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“वन्सं, तुमाला काय वाटतं त्या चक्कीचं?”

“मला कुणी इचारलंय का?”

“मी इचारते की.”

“तू इचारून काय व्हतंय, साळू? तुला तरी कोण इचारतं? कागूद पुढं आला की तूबी आंगठा दाबतीस.”

साळुबाईंनी सारणाची कढई खाली उतरवली. धाकटा पप्पू सात महिन्यांचा असताना त्यांच्या छातीत पाणी झालं होतं आणि दोन वर्षं त्यांनी पुण्याच्या दवाखान्यात आणि माहेरी काढली होती. ती दोन वर्षं पप्पू या घरात शेळीच्या दुधावर वाढला. परत आल्यावर पोरगं आईकडं यायलाच तयार नव्हतं. तेव्हापासून चिमाबाईंपुढं साळुबाईंचा शब्द अडखळायचा.

अंजना हंडा घेऊन आत आली. ती थोरला सोपान आणि पप्पू यांच्या मधली लेक, खोडदला दिलेली. चक्कीच्या कागदावर सही करायला सकाळच्या एसटीनं आली होती. “आई, ते आले. पप्पूच्या गाडीचा धुरळा दिसतोय.”

*

पप्पूला बोलेरो हळू चालवायची सवय नव्हती, पण मागं जतनबाई बसल्या होत्या आणि माळाचा रस्ता म्हणजे नुसते दगड. शेठ पुढं बसले होते. मागच्या बाजूला शेठचा मुलगा अंकित आणि चक्की बसवणाऱ्या कंपनीचे साहेब नकाशा मांडीवर धरून बसले होते.

“पप्पूभाऊ, या रस्त्यानं क्रेन येईल?” अंकितनं विचारलं.

“मी आणतो ना. माझाच जेसीबी लावतो. पंधरा दिवसांत रस्ता करून देतो.”

अंकित इंजिनियर झालेला, अठ्ठावीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहून आला आणि त्यानं बापाच्या मागं लकडा लावला होता. चक्की लावली की करात सूट मिळते आणि वीस वर्षं वीज विकता येते. त्यानं वर्षभर माळावर वारा मोजणारा मनोरा उभा करून ठेवला होता. वारा चांगला निघाला. या मार्चच्या आत काम सुरू झालं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

पप्पूच्या मनात दुसरंच चाललं होतं. आठ वर्षांपूर्वी तात्यांनी, म्हणजे कुंडलिकरावांनी, तोंडी वाटण्या केल्या, तेव्हा विहिरीखालची जमीन थोरल्या सोपानला गेली आणि कड्याकडचा माळ पप्पूला आला. मधला माळ तर कुणालाच नको होता, म्हणून तो सामाईक ठेवला. पप्पूला दगड मिळाले म्हणून अख्ख्या लोणीनं टिंगल केली. तो काही बोलला नाही, गाडी घेतली, मग जेसीबी घेतला, मग खाली गावात घर बांधलं. आता त्याच दगडांवरच्या वाऱ्याला किंमत आली होती. कागदावर जमीन अजून तात्यांच्याच नावावर असल्यामुळं सह्या सगळ्यांच्या लागणार होत्या. पण भाडं ज्याच्या वाट्यात चक्की त्याचं, हे घरात सगळे धरूनच चालले होते.

“आणि घराचं?” अंकित पुढं वाकून हळूच म्हणाला. “आजींशी बोललात का?”

पप्पूनं आरशात पाहिलं. जतनबाई बाहेर बघत होत्या.

“ते माझ्यावर सोडा,” तो म्हणाला.

तो आत्याशी बोलला नव्हता. रोज ठरवायचा आणि रोज राहून जायचं. नव्या घरात तळमजल्याला तिच्यासाठी खोली केली होती. गुळगुळीत फरशी, नळ, लागून संडास. ती खोली एकदा पाहिली की आत्या नाही म्हणणार नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

*

जतनबाईंना माळ आवडला. मंचरला त्यांच्या घराच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी तेवढी दिसायची. इथं तीन बाजूंना नुसतं आभाळ होतं. अंगणात घोंगडी अंथरली होती, तिच्यावर धुतलेली चादर. कुंडलिकरावांनी हात जोडून स्वागत केलं. सोपान मागं उभा होता. त्यानंही नमस्कार केला, पण बोलला नाही.

“पाणी गाळून, उकळून ठेवलंय, शेठाणीबाई,” साळुबाई म्हणाल्या. “कढईबी नवी आणली.”

“अगं, एवढं कशाला?” जतनबाई म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटलं.

उजेड आहे तोवर जागा दाखवतो म्हणून अंकित साहेबांना घेऊन खुंटीकडं गेला. पप्पूही गेला. इकडं पानं मांडली. शेठनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. जतनबाईंनी मासवडीचा तुकडा रश्शात बुडवला. वारा कड्याकडून सरळ अंगणात येत होता. पदर डोक्यावर राहत नव्हता.

आणि त्या वाऱ्यावर आवाज आला. कुणी शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट.

“घर फारच जवळ आहे हो. उद्या म्हातारीनं तक्रार केली तर?” हे साहेब होते.

“ती इथं राहणारच नाहीये,” अंकितचा आवाज. “पप्पूभाऊंनी शब्द दिलाय. पावसाळ्याआधी घर रिकामं.”

मग पप्पू. “आत्याला खाली नेतो मी. हे घर पाडून टाकू. तुमचं सामान ठेवायला शेड व्हईल तिथं.”

जतनबाईंचा हात पानावरच थांबला. त्यांनी वर पाहिलं. चिमाबाई रश्शाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर वाकलेल्या होत्या. वाटी जरासुद्धा हिंदकळली नाही. त्यांनी ती पानाशेजारी ठेवली, पळीभर रस्सा आणखी वाढला आणि म्हणाल्या, “घ्या. गार झाल्यावर मजा न्हाई.”

कुंडलिकराव उठून उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज अजून शेतात हाळी देण्याचा. “पप्प्या! आरं ए पप्प्या!”

खुंटीपाशी तिघंही नकाशावर वाकलेले होते. कुणी मान वळवली नाही.

“तात्या, वारा तिकडनं हाय,” अंजना म्हणाली. “त्यांचं आपल्याला आयकू येतं. आपलं त्यांना जायचं न्हाई.”

*

ते हसत हसत परत आले. अंगणातली सगळी माणसं आपल्याकडं बघताहेत हे पप्पूच्या लक्षात आलं तेव्हा तो चपला काढत होता.

“काय झालं?”

“घर कवा पाडायचं ठरलं तेवढं सांग,” सोपान म्हणाला. “आमी सह्या करायला आलोय. आमाला कळाया नको?”

 पप्पूनं एकदा खुंटीकडं पाहिलं, एकदा अंगणाकडं.

“दादा, तुला आत्याचा पुळका न्हाई. माझ्या वाट्यात चक्की येतीय म्हणून तुला कळ लागलीय.”

“मला कळ लागलीय? म्हातारीला घराबायेर तू काढतूयास आन्—”

“गप बसा दोघंबी!” चिमाबाई म्हणाल्या. “भांडायचं आसंल तर खाली जाऊन भांडा. माझ्या अंगणात पावणं जेवत्यात.”

 शेठनी पानावरून हात मागं घेतला होता. पप्पू पुढं आला आणि आत्याच्या समोर उकिडवा बसला.

“आत्या, मी तुला रस्त्यावर सोडतूय का? तुझ्यासाठी खोली केलीय मी. सगळं हाय तिथं. पावसाळ्यात हितं छप्पर गळतं, रातचं काय झालं तर हाळी मारायला माणूस न्हाई. मला काळजी न्हाई का?”

“हाय की. म्हाईत हाय मला. खोली चांगली हाय म्हणून साळूनं सांगितलं.” चिमाबाई शांतपणे बोलत होत्या. “पण तू मला कवा इचारलंस, पप्पू?”

 

मग अंजना बोलायला लागली. तिनं अंकितकडं पाहिलं, पप्पूकडं नाही. “अंकितभाऊ, मी खोडदची. आमच्या बांधाला लागून तारं बघायच्या दुर्बिणीची मोठी लोखंडी छत्री हाय. बांधायला घेतली तवा माणसं लई भ्याली. म्हशी आटतील म्हणायची, पाऊस पळंल म्हणायची. काय झालं न्हाई. सायेब लोक चांगले, आमचं चांगलं चाललंय. म्हणून मी चक्कीला नाय म्हणत न्हाई. पण आमची छत्री गपगुमान वळती. तरीबी तिची सावली ओट्यावर आली की माझी सासू आजूनबी दचकून वर बघती. तुमची पाती तर गरागरा फिरणार. मावळतीला त्यांची सावली कुठं पडंल?”

अंकित साहेबांकडं बघायला लागला. साहेब मध्यम वयाचे, उन्हानं काळवंडलेले गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढली. “घरावर पडेल,” ते म्हणाले. “बारा महिने नाही. पण काही महिने संध्याकाळी घरावर आणि अंगणात फिरेल.”

“आन् आवाज?”

“फ्रिजचा येतो तेवढा,” अंकित घाईनं म्हणाला.

“फ्रिज मी बघितला न्हाई,” चिमाबाई म्हणाल्या.

तेव्हा चुलीपाशी उभ्या असलेल्या साळुबाई दारात आल्या. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

“एकशे अठरा पावलं,” त्या म्हणाल्या. “मी मोजलीत. तुमी तिघं मघाशी हळू बोलत व्हता. तरी आमाला शब्द न् शब्द आयकू आला. मग एवढं मोठं यंत्र कसं आयकू येणार न्हाई?”

कुंडलिकरावांनी बायकोकडं असं पाहिलं, जणू ती आजच या घरात आली होती.

इंदरचंद शेठनी घसा साफ केला. “साहेब, दुसरी जागा नाही का? खरं सांगा. माझ्या मुलाला काय आवडेल ते नका सांगू.”

“मधल्या माळावर आहे,” साहेब म्हणाले. “त्या उंचवट्यापलीकडं. इथून दहा-बारा मिनिटांची चाल होईल. कड्यावर वारा जोराचा, पण तो खालून आपटून वर येतो, घुसळलेला. आत थोडा कमी आहे, पण सरळ आहे. यंत्राला चालेल. ही जागा आम्ही धरली ती रस्ता जवळ पडतो म्हणून, आणि वाटा एकट्या पप्पूभाऊंचा म्हणून.”

“बाबा, रस्ता वाढेल, तारा वाढतील,” अंकित म्हणाला. “कागद सगळे या जागेचे झालेत. मार्च हातातून जाईल. एका घरासाठी—”

“अंकित,” जतनबाई म्हणाल्या.

त्या मघापासून कड्याकडं बघत होत्या. लाल फडक्याच्या बरोबर वर चार घारी आभाळात टांगल्यासारख्या दिसत होत्या. पंख हलत नव्हते. एक बाजूला कलंडली, गोल फिरून पुन्हा त्याच जागी आली.

“चिमाबाई, या घारी रोज असतात?”

“रोज. उन्हं तापली की कड्याखालनं वारा वर चढतो. त्याच्यावर बसून त्या वर जात्यात. कड्याच्या कपारीत घरटी हायेत त्यांची. पिल्लं काढली की दिसभर हितंच.”

“आणि मधल्या माळावर?”

“तिकडं नायत जात. एखादी गेली तर गेली. तिथं वर न्यायला वारा कुठाय?”

जतनबाई मुलाकडं वळल्या. “पात्यांत पाखरं सापडतात का रे?”

“आई, तुरळक.”

“तुरळक म्हणजे किती?”

अंकितनं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, “ताई, पाखरांच्या वाटेत लावली तर सापडतात. जिथं वाट नाही तिथं कमी.”

“मी पाणी गाळून पिते,” जतनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तांदूळ निवडताना किडा निघाला तर तो बाहेर नेऊन सोडते. तुझ्या आजीनं शिकवलंय मला. त्या जिवांच्या येण्याजाण्याच्या वाटेत माझ्या घरानं पाती फिरवायची? नाही. चक्की लाव, मी नाही म्हणत नाही. या कड्यावर लावायची नाही.”

 शेळ्यांतली एक खाकरली.

चिमाबाई हातातली पळी खाली ठेवून म्हणाल्या, “शेठाणीबाई, एक सांगते. पाखरांचं मी सांगितलं ते खरं हाय. पण मला दुखतंय ते पाखरांपायी न्हाई. माझ्या घरापायी दुखतंय. उगं तुमचा गैरसमज नको.”

जतनबाई हसल्या. “दोन्ही खरं आहे ना? मग दोन्ही चालेल.”

शेठनी बायकोकडं पाहिलं, मग मुलाकडं. “मार्च दरवर्षी येतो, अंकित,” ते म्हणाले आणि पानावरची दुसरी मासवडी उचलली. “मधल्या माळावर बघू. कुंडलिकराव, तुमच्या घराची हरकत नसेल तर.”

*

हरकत असली तर एकाचीच असणार होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पप्पू उठून शेळ्यांच्या वाड्याच्या दगडी गडग्यावर जाऊन बसला.

मधला माळ सामाईक. म्हणजे भाडं सगळ्यांत वाटलं जाणार. सोपानचा चेहरा उजळला होता आणि तो लपवायचा प्रयत्नही करत नव्हता. “आत्याचं रास्तच हाय,” तो तात्यांना सांगत होता. “मी पयल्यापासनं म्हणतूय, मधल्या माळावर घ्या.” तो पहिल्यापासून असं काहीच म्हणत नव्हता.

पप्पू सही करणार नाही म्हणाला असता तर चक्की कुठंच झाली नसती. हा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला, आणि त्यात थोडी गोडीही होती. आठ वर्षं दगड सांभाळले त्यानं, आणि वारा वाटून घ्यायला आता सगळे आले. पण त्याला राहून राहून दुसरंच आठवत होतं. हे घर पाडून टाकू, असं तो बोलला होता. सहज बोलला होता. लहानपणी ताप आला की ज्या भिंतीला तो पाठ लावून बसायचा ती भिंत त्याच्या समोर होती आणि तिच्या बुडाशी शेळीचं एक करडू अंग घासत होतं.

चिमाबाई त्याच्याजवळ आल्या. हातात त्याचं ताट होतं.

“जेव.”

“आत्या,” तो म्हणाला, “तुला हितंच मरायचंय का?”

“मरायचं कशाला रं? ऱ्हायाचंय.”

पप्पूला हसू आलं. आवरलं नाही. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते मनगटानं पुसलं. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “आधी तुला इचारायला पायजे व्हतं.”

“व्हतं. आता जेव.”

त्यानं ताट घेतलं, पण खाल्लं नाही. तसाच उठून अंगणात आला.

“शेठ, मधल्या माळावर बसवा. मी सही करतो. पण आमा तिघा भावंडांचे तीनच वाटे न्हाई व्हणार. चार व्हतील. चौथा आत्याचा. आन् सात-बाऱ्यावर तिचं नाव लागंल, मगच चक्कीच्या कागदावर माझी सही.”

सोपान म्हणाला, “आत्याचं नाव कसं काय लागंल?”

“कसं म्हंजी?” अंजना उसळली. “ती आज्याची लेक हाय. मी तात्यांची लेक म्हणून माझा वाटा धरताय ना? मग तिचा का न्हाई?”

सोपाननं आईकडं पाहिलं. साळुबाई म्हणाल्या, “तिचाच पयला पायजे.” या वादात त्या दुसऱ्यांदा बोलल्या होत्या.

 बाप वारला तेव्हा तलाठ्यापुढं कुंडलिकरावांनी एकट्याचं नाव लावून घेतलं होतं. आक्काला काय करायचंय, ती तर माळावर राहते, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. त्यांनीही म्हटलं होतं.

“आक्का,” ते म्हणाले, “हे माझं मी करायला पायजे व्हतं. पोरानं सांगायची येळ आली.”

“उशिरा का व्हईना,” चिमाबाई म्हणाल्या. “लावा. मी काय नको म्हणणार न्हाई. आन् नाव नीट लिवा. चिमाबाई न्हाई, चिमणाबाई. साळंत मी गेले न्हाई, पण माझं नाव मला म्हाईत हाय.”

शेठ आधी हसले, मग जतनबाई, मग सगळेच. सोपानही हसला. “लावा की,” तो म्हणाला, “मी काय नाय म्हणतूय का?” तो पाण्याचा तांब्या घेऊन पप्पूजवळ गेला आणि म्हणाला, “जेव आता. आत्यानं दोनदा सांगितलं.” भांडण मिटल्याचं यापेक्षा जास्त काही सोपानच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून पप्पूनं तांब्या घेतला.

दिवस मावळायला अर्धा तास होता. शेठ आणि जतनबाईंनी जेवण उरकलं. जतनबाईंनी मासवडीची कृती दोनदा विचारली आणि साळुबाईंनी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना खसखस जास्त सांगितली गेली. अंकित आधी घुम्यासारखा बसला होता. साहेब उठल्यावर तोही उठला. साहेब, पप्पू आणि तो मधल्या माळावरच्या उंचवट्याकडं निघाले. वाटेत अंकितनं काहीतरी विचारलं आणि पप्पू हातवारे करून रस्ता कुठून वळवायचा ते दाखवायला लागला. थोड्या वेळानं दोघं दगडावर चढून एकाच दिशेला बोट दाखवत होते.

*

सात-बाऱ्यावर नाव लागायला चार महिने गेले. तलाठ्याकडं कुंडलिकराव स्वतः पाच वेळा गेले, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. रस्ता पप्पूच्या जेसीबीनं झाला. वाढलेल्या रस्त्याचे पैसे देताना अंकितनं घासाघीस केली, पण दिले. क्रेन आली तेव्हा बघायला लोणीच काय, धामणीपर्यंतची माणसं लोटली. पाती तीन वेगवेगळ्या लांबलचक गाड्यांतून आली. एक वळणावर अडकली आणि सोपाननं आपल्या शेताचा बांध फोडून तिला वाट करून दिली. पुढं कुणी विचारलं की तो ते अजून सांगतो.

पुढच्या वैशाखात चक्की सुरू झाली. जतनबाईंनी नारळ वाढवला. अंजना खोडदहून पोरांना घेऊन आली. दुपारी वारा सुटला तशी पाती आधी आळसावल्यासारखी, मग एका लयीत फिरायला लागली. लोक टाळ्या वाजवून, पेढे खाऊन खाली गेले.

पप्पू मात्र मागं राहिला. तो चक्कीपासून चालत आत्याच्या घरी आला. चिमाबाई अंगणात बसून करडांना पाला घालत होत्या. कड्यावर घारी होत्या. पप्पू ओट्यावर टेकला आणि काही वेळ कान देऊन बसला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्यामुळं त्याला नीट कळेना.

“आत्या, खरं सांग. आवाज येतो का गं?”

चिमाबाईंनी पाला खाली ठेवला. करडाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरून बंद केली. मान कलती करून ऐकलं.

“येतो,” त्या म्हणाल्या. “पण लांबनं येतो.”

मग त्यांनी घंटा सोडून दिली आणि पाण्याची बादली भरून आणायला त्याला विहिरीवर पाठवलं.